संमतीचा प्रश्न आणि डॉ. रखमाबाई

पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या या २१ वर्षांच्या तरुणीच्या अकाली मृत्यूने महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ४ मार्च रोजी, मुंबई उच्च न्यायालयात दुसऱ्या एका तरुणीच्या भवितव्याचा फैसला झाला. ती होती २२ वर्षांची रखमाबाई. एका महिन्याच्या आत तिने नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी, असा न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. नवऱ्याचे घर मात्र त्यांनी शेवटपर्यंत नाकारले.

पुढे त्या डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी सुमारे ३५ वर्षे रुग्णसेवा केली आणि नव्वदी गाठून शांतपणे जगाचा निरोप घेतला. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचे खरे मोल त्या पदवीच्याही आधी त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नात आहे. ज्या वयात विवाह म्हणजे काय हेही कळत नाही, त्या वयात इतरांनी ठरवून लावलेले लग्न सज्ञान झालेल्या स्त्रीवर बंधनकारक का असावे? हा प्रश्न त्यांच्या आधीही अनेकींच्या मनात आला असेल. रखमाबाईंनी तो भर न्यायालयात विचारला आणि त्याची किंमतही मोजली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. मुलगी जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील वारले. जयंतीबाई तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या होत्या. त्या काळातील ब्राह्मण विधवेपुढे उभे राहणारे केशवपनाचे आणि अंधाऱ्या खोलीचे भवितव्य त्यांच्या वाट्याला आले नाही, कारण त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी झाला. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने विधवेला दुसऱ्या लग्नाची मोकळीक दिली होती, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढूनही घेतला होता. जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वीच ही मिळकत मुलीच्या नावे केली. मुलीचे पुढचे आयुष्य सुरक्षित राहावे हा त्यामागचा हेतू. पुढे याच मिळकतीचा उल्लेख न्यायालयात वेगळ्याच अर्थाने व्हायचा होता.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामवंत डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा संस्थापक सदस्यांत जे दोनच भारतीय होते, त्यांपैकी ते एक, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. त्यांच्या घरी सुधारक मंडळींची ये-जा होती. विधवाविवाहाचे कडवे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांचाही त्या घराशी स्नेह होता. सावत्र बापाच्या या घरात रखमाबाईंना पित्याचे प्रेम मिळाले आणि पुस्तकांची गोडीही लागली.

असे घर असूनही बालविवाहाची रूढी तेथे चुकली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले, पण घरची गरिबी. म्हणून त्यांनी घरजावई म्हणून राहावे, सासऱ्यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा आणि त्यांनी शिकूनसवरून कर्ता पुरुष व्हावे, असे ठरले. मुलगी परक्या घरी जाण्याऐवजी जावईच घरी येणार होता. त्या काळाच्या मानाने ही व्यवस्था मुलीच्या हिताचीच म्हटली पाहिजे.

ती टिकली नाही. दादाजींना अभ्यास मानवेना. सासऱ्यांच्या शिस्तीचा जाच वाटू लागला, तसे ते तेथून निघून आपले मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहू लागले. शिक्षण सुटले, प्रकृती ढासळली, कर्ज वाढले. दरम्यान, रखमाबाई वयात आल्यावर रिवाजाप्रमाणे गर्भाधानाचा विषय निघाला होता. सखाराम अर्जुन यांनी त्याला ठाम नकार दिला. कोवळ्या वयातील मातृत्वाने मुलींच्या शरीराची होणारी हानी डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होती. त्यांच्या या नकारामुळे रखमाबाईंना वाढायला, वाचायला आणि विचार करायला काही वर्षे मिळाली. शाळेचे दार बंद झालेल्या या मुलीने मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरीच अभ्यास चालू ठेवला आणि इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या सभांना आईबरोबर जाताना तिची सार्वजनिक प्रश्नांशी ओळख झाली. त्या काळातील असंख्य मुलींच्या आणि तिच्या आयुष्यातला फरक या काही वर्षांच्या उसंतीने घडवला.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली. बायकोला नांदायला पाठवावे, अशी मागणी तीत होती. रखमाबाई तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. त्यांनी जाण्यास नकार दिला. मग वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या नावे असलेल्या मिळकतीच्या लोभाने माहेरची माणसे तिला अडवून ठेवत आहेत, असा त्यांचा आरोप होता. दादाजींची प्रकृती, त्यांचे वर्तन आणि त्यांची परिस्थिती ही रखमाबाईंच्या बाजूने दिलेली कारणे होती. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक मूलभूत भूमिका होती. हे लग्न आपल्या संमतीने झालेले नाही, सबब ते निभावण्याची सक्ती आपल्यावर करता येणार नाही.

खटला उभा राहण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला. त्याच वर्षी जूनमध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावरील एक दीर्घ पत्र प्रसिद्ध झाले. सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे पत्र आले. दोन्ही पत्रांखाली लेखिकेचे नाव नव्हते. एक हिंदू स्त्री, एवढीच ओळख होती. मुलाचे लग्न लवकर झाले तरी त्याची शाळा चालूच राहते, मुलीची मात्र तेथेच संपते; एकाच रूढीचे दोघांना मिळणारे फळ इतके वेगळे असते, हे या पत्रांनी अनुभवाच्या भाषेत मांडले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केल्यापासून देशभर या विषयावर चर्चा पेटली होती. मात्र त्या चर्चेत बोलणारे बहुतेक सारे पुरुषच होते. स्त्रियांच्या दुःखाबद्दल स्त्रीनेच लिहिलेल्या या पत्रांनी म्हणूनच खळबळ उडवली. त्यांची लेखिका रखमाबाईच होत्या, हे लवकरच सर्वांना कळले.

१९ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट पिन्हे यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. रखमाबाईंच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. दोनच दिवसांत, २१ सप्टेंबरला, पिन्हे यांनी दावा फेटाळला. मुळात या दाव्याला पुनःस्थापना म्हणणेच चुकीचे आहे, असे त्यांचे मत होते, कारण हे दोघे कधी एकत्र राहिलेच नव्हते. जे कधी स्थापनच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कशी करणार? इंग्लंडमधील या प्रकारचे कज्जे स्वतःच्या इच्छेने विवाहबद्ध झालेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांचे होते. असहाय बालवयात लग्न लावून दिलेल्या मुलीला, ती सज्ञान झाल्यावर, तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या घरी पाठवण्यास त्यांना इंग्रजी कायद्यात आधार दिसला नाही आणि हिंदू कायद्यातही आढळला नाही.

या निकालाने सुधारकांना हर्ष झाला आणि सनातनी मंडळींच्या पायाखालची वाळू सरकली. हिंदू विवाह हा करार नसून संस्कार आहे, संस्काराला वधूची संमती लागत नाही, आणि आज एका स्त्रीला ही मोकळीक मिळाली तर उद्या कोणताच संसार सुरक्षित राहणार नाही, असा युक्तिवाद वृत्तपत्रांतून होऊ लागला. टिळकांच्या 'मराठा'ने या निकालावर टीका केली. परकीय न्यायाधीशाने हिंदूंच्या धर्मव्यवहारात केलेली ही ढवळाढवळ असल्याचा सूर उमटला. मुलींना इंग्रजी शिक्षण देण्याचे हेच फळ, असेही म्हटले गेले. गोपाळ गणेश आगरकर यांची सहानुभूती मात्र रखमाबाईंकडे होती. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर या दोन मित्रांमधील दरी त्याच काळात रुंदावत होती. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' सुरू केला. एका तरुणीचा घरगुती कज्जा महाराष्ट्राच्या वैचारिक फाळणीच्या अशा ऐन मध्यावर येऊन उभा राहिला होता.

या वादातील एक विसंगती मात्र फार थोड्यांच्या लक्षात आली. ज्या दाव्याचे समर्थन धर्मरक्षणाच्या नावाने चालले होते, तो दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नव्हता. त्याचे मूळ इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांत होते. प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुस्लिम दाम्पत्याच्या प्रकरणात असे दावे भारतातील दिवाणी न्यायालयांत चालू शकतात, असा निर्वाळा दिला आणि तेथून ते हिंदूंनाही लागू होत गेले. धर्मशास्त्राने पत्नीला पतीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला असेल; परंतु ती न आल्यास तिला राजाने तुरुंगात टाकावे, ही तरतूद विलायतेहून आयात झालेल्या दिवाणी कायद्याची होती. त्यातही कळस असा की, इंग्लंडने अशा प्रकरणांतील कैदेची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती. दादाजींची नोटीस आली ते हेच वर्ष. लंडनमधील स्त्रीला ज्या कारणासाठी तुरुंगात पाठवता येत नव्हते, त्याच कारणासाठी मुंबईतील स्त्रीला पाठवता येत होते.

दादाजींनी अपील केले. सरन्यायाधीश चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल फिरवला. हिंदू कायद्यानुसार विवाह वैध असेल, तर वधूच्या संमतीचा मुद्दा उपस्थित होत नाही आणि दोघे पूर्वी एकत्र राहिले होते की नाही यानेही फरक पडत नाही, असा या निकालाचा आशय होता. खटला पुन्हा खालच्या पायरीवर आला आणि न्यायमूर्ती फॅरन यांनी ४ मार्च १८८७ रोजी तो सुप्रसिद्ध हुकूम दिला. कायद्याच्या चौकटीत त्यांना फारसा पर्यायही उरला नव्हता.

आता सारा देश रखमाबाईंच्या उत्तराकडे पाहू लागला. त्यांनी आपली भूमिका बदलली नाही. प्रतिष्ठित घरातील एका तरुण स्त्रीने गुन्हेगारांबरोबर कोठडीत राहायला तयार व्हावे, ही कल्पनाच त्या काळी हादरवून टाकणारी होती. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत समिती स्थापन झाली. मलबारी, तेलंग आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. विलायतेतील वृत्तपत्रांतूनही चर्चा झाली. वेदांचे अभ्यासक म्हणून हिंदुस्थानात आदर असलेल्या मॅक्सम्युलर यांनी रखमाबाईंची बाजू घेतली. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी रखमाबाईंच्या खटल्याची हकिगत नोंदवली. धर्म, समाज आणि ब्रिटिश सरकार या तिन्ही सत्ता एका निराधार स्त्रीविरुद्ध कशा एकवटतात, याचे उदाहरण म्हणून रमाबाईंना हा खटला महत्त्वाचा वाटला.

दादाजींनीही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. तीत रखमाबाईंच्या आईवर आणि आजोबांवर दोषारोप होते. रखमाबाईंनी जून १८८७ मध्ये वृत्तपत्रातून तिला मुद्देसूद उत्तर दिले. दादाजींकडे केवळ खलनायक म्हणून पाहणे सोपे आहे. वस्तुतः तेही त्याच रूढीचे अपत्य होते. १९ व्या वर्षी लग्न, सासऱ्याच्या घरचे मिंधेपण, पेलवत नसलेल्या अपेक्षा आणि नंतर नातेवाइकांची चिथावणी, यांत तेही भरडले गेले. फरक एवढाच की, कायदा आणि लोकमत या दोन्हींनी त्यांना हक्क बहाल केला होता आणि रखमाबाईंच्या हाती नकाराखेरीज काहीच दिले नव्हते.

रखमाबाईंना प्रत्यक्ष तुरुंगात टाकण्याची वेळ येऊ नये, असे सरकारलाही वाटत होते. कैदेची तरतूद काढून टाकण्याचा विचार सरकारदरबारी सुरू झाला. परंतु हिंदू समाजाच्या रोषाच्या भीतीने तो बारगळला. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. पुढे त्यांनी दुसरे लग्नही केले. राणी व्हिक्टोरियाने खास अधिकार वापरून रखमाबाईंचे लग्न मोडले, अशी कथा आजही वारंवार सांगितली जाते. खटल्याचा शेवट मात्र या तडजोडीने झाला. कायद्याच्या दृष्टीने लग्न कायमच राहिले. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता. नांदायला न जाण्याचे स्वातंत्र्य रखमाबाईंनी पैसे मोजून मिळवले, पण त्या कायद्याने आयुष्यभर दादाजींच्या पत्नीच राहिल्या.

खटल्याची चार वर्षे संपली तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले आणि निधी उभारण्यास मदत केली. डॉ. पीची स्वतः एडिंबरा विद्यापीठात १८६९ मध्ये प्रवेशासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक होत्या. बंद दारे ठोठावण्याचा अर्थ त्यांना चांगला माहीत होता. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला रवाना झाल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे पार्लमेंटचे सदस्य वॉल्टर मॅक्लॅरन आणि त्यांच्या पत्नी, स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्त्या इव्हा मॅक्लॅरन, यांनी त्यांना घरच्यासारखे सांभाळले.

अभ्यासाच्या धकाधकीतही त्या आपला प्रश्न विसरल्या नाहीत. १८९० मध्ये लंडनच्या 'न्यू रिव्ह्यू' मासिकात लेख लिहून त्यांनी हिंदुस्थानातील बालविवाहाकडे ब्रिटिश सरकारचे लक्ष वेधले. त्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालवधू पतीच्या शरीरसंबंधाने दगावली आणि देश हादरला. मलबारींनी चालवलेल्या मोहिमेला, रखमाबाईंच्या खटल्याने जागवलेल्या लोकमताला आणि या दुर्दैवी मृत्यूला मिळून अखेर फळ आले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यात आली. आजच्या दृष्टीला ही सुधारणा अगदीच तुटपुंजी वाटते. तरीही तिच्या विरोधात पुण्या-मुंबईत आणि कलकत्त्यात प्रचंड सभा झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे रखमाबाई कोणत्या शक्तीसमोर उभ्या होत्या याचा अंदाज येतो. शिवाय या कायद्याने मुलीच्या शरीराला संरक्षण दिले, विवाहाला तिची संमती असावी असे म्हटले नाही. रखमाबाईंचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

१८९४ मध्ये त्यांनी वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण करून व्यवसायाची पात्रता मिळवली आणि ब्रुसेल्सहून एम. डी. ही पदवीही घेतली. मायदेशी परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. आनंदीबाईंना पदवी मिळूनही रुग्णसेवेची संधी आयुष्याने दिली नव्हती. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांचा व्यवसाय सुरू झाला होता. मुंबई इलाख्यातील स्त्रियांसाठी मात्र आपल्यातलीच एक डॉक्टरीण ही गोष्ट अजून नवलाची होती.

सुरतेत पहिली अडचण रोगांची नव्हती, विश्वासाची होती. रुग्णालयात गेलेली बाई जिवंत परतत नाही, अशी समजूत घरोघर होती. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातूनच व्हायचे. या भीतीवर रखमाबाईंनी शोधलेल्या उपायाची एक आठवण सांगितली जाते. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तेथे तिची सुखरूप सुटका करून दाखवली. शेळी जगते, तर बाईमाणूस का जगणार नाही, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. हळूहळू बायका येऊ लागल्या. १८९६ नंतर पश्चिम भारतात प्लेगने थैमान घातले, तेव्हाही रखमाबाई आपल्या कामावर ठाम राहिल्या. सुमारे २२ वर्षे त्यांनी हे रुग्णालय चालवले आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले गेले. एकेकाळी ज्या स्त्रीला समाजाने कुलबुडवी ठरवले, तिच्या हाती सुरतेच्या कुटुंबांनी आपल्या लेकीसुना विश्वासाने सोपवल्या.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले. तेव्हापासून रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसण्यास सुरुवात केली. ज्या विवाहाला त्यांनी कधी विवाह मानले नाही, ज्याच्या विरोधात त्या तुरुंगात जायला निघाल्या होत्या, त्या विवाहाचे वैधव्य त्यांनी अंगावर घेतले. सक्तीच्या वैधव्याविरुद्ध तरुणपणी लेखणी उचलणाऱ्या स्त्रीची ही कृती अभ्यासकांना आजही कोड्यात टाकते. परंपरेपुढची ती शरणागती होती, असे म्हणता येईल. पारंपरिक कुटुंबांतील स्त्रियांमध्ये वावरताना त्यांचा विश्वास गमावू नये हा व्यवहारी विचार होता, असेही म्हणता येईल. आणि कदाचित, जे नाते कायद्याने कधी तुटू दिले नाही, त्याची ती मूक नोंदही असेल. एक फरक मात्र निश्चित होता. ही साडी नेसण्याचा हुकूम त्यांना कोणीही दिला नव्हता. रखमाबाईंचे चरित्र सोयीस्कर साच्यात बसवू पाहणाऱ्यांनी हा प्रसंग वगळता कामा नये.

पुढे त्यांना सरकारच्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये पद देऊ करण्यात आले होते. ते नाकारून १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात रुजू झाल्या. संस्थानी वातावरणात पडद्याची चाल कडक होती. उजेड आणि मोकळी हवा न मिळालेल्या स्त्रियांचे आजार त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले. राजकोटमध्ये रेड क्रॉसचे काम उभे करण्यातही त्यांचा पुढाकार होता. वयाच्या पासष्टीच्या सुमारास निवृत्त होताना, १९२९ मध्ये, पडदा पद्धत बंद होण्याची गरज मांडणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. पहिल्या पत्रापासून या पुस्तिकेपर्यंत ४४ वर्षे लोटली होती. स्त्रीच्या शरीरावर, वेळेवर आणि वावरावर दुसऱ्याची मालकी का, हे मात्र त्या तेव्हाही विचारतच होत्या.

आयुष्याची अखेरची २५ वर्षे त्यांनी मुंबईत काढली. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, स्त्रियांना मताधिकार मिळाला. हे सारे त्यांनी पाहिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी चारच महिने, मे १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा अस्तित्वात आला होता. त्याने पुरुषाला दुसरी बायको करण्यास मनाई केली आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. रखमाबाईंना १८८८ मध्ये हवे असलेले दार अखेर उघडले, ते ६७ वर्षांनी.

त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा कायम राहिला. अशा प्रकरणांतील कैदेची शिक्षा भारतात १९२३ मध्ये रद्द झाली होती. परंतु हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणण्याची तरतूद शिल्लक राहिली. ज्या इंग्लंडमधून हा दावा आला, त्या इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. भारतात १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी टी. सरिता यांच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले. स्त्रीच्या शरीरावरचा निर्णय राज्यसंस्था घेऊ शकत नाही, असा त्यांचा आशय होता. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध मानले. विवाहसंस्था टिकवणे हा त्यामागचा सामाजिक हेतू असल्याचे न्यायालयाचे मत होते. २०१९ मध्ये गुजरातमधील विधी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात या कलमाला पुन्हा आव्हान दिले.

आज हे कलम पती-पत्नी दोघांनाही सारखेच लागू आहे. हुकूम होऊनही वर्षभर एकत्र राहणे न झाल्यास त्या आधारे घटस्फोट मागता येतो, आणि पुष्कळदा त्यासाठीच हा दावा वापरला जातो. म्हणजे ज्या तरतुदीने रखमाबाईंना विवाहात जखडून ठेवू पाहिले, ती आता कित्येकदा विवाहातून बाहेर पडण्याची पायरी ठरते. तरीही विवाह म्हणजे कायमची संमती, की संमती ही प्रत्येक दिवशी माणसाची स्वतःची असते, हा वाद संपलेला नाही. कौटुंबिक न्यायालयांत येणारे असे दावे आणि पोटगी टाळण्यासाठी बजावल्या जाणाऱ्या नांदायला येण्याच्या नोटिसा पाहिल्या, की १८८४ ची ती नोटीस फार जुनी वाटत नाही.

रखमाबाईंनी कायद्याची लढाई जिंकली नाही. त्यांच्या बाजूचा एकमेव निकाल फिरवला गेला, सुटका पैसे मोजून झाली आणि विवाह कागदोपत्री तसाच राहिला. पण त्या दोन हजार रुपयांच्या तडजोडीआधी एका स्त्रीचा नकार उच्च न्यायालयाला तीन वेळा ऐकावा लागला, वृत्तपत्रांना छापावा लागला आणि सरकारला विचारात घ्यावा लागला. लग्नाला मुलीचीही संमती लागते, हे आज ज्या सहजतेने बोलले जाते, त्या सहजतेमागे २२ वर्षांच्या एका मुंबईकर तरुणीने तुरुंगाची तयारी ठेवून घेतलेली भूमिका आहे.